मरणोत्तर मौन आणि लोकमत : मायकेल जॅक्सनच्या मृत्यूच्या संदर्भात

१

लोकप्रिय कलावंताच्या मृत्यूनंतर समाजात उमटणारी प्रतिक्रिया एकसुरी असते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. शोकसभा भरतात, मृत्युलेख लिहिले जातात, गुणवर्णन होते आणि काही दिवसांनी सारे शांत होते. परंतु ज्याचे जीवनच वादग्रस्त ठरले अशा कलावंताच्या बाबतीत ही रूढ वाट मोडते. अमेरिकन गायक व नर्तक मायकेल जॅक्सन याच्या मृत्यूनंतर जे घडले, ते या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

२५ जून २००९ रोजी दुपारी जॅक्सनचा लॉस एंजलिस येथे वयाच्या ५०व्या वर्षी मृत्यू झाला. लंडन येथे जुलैपासून होणाऱ्या पन्नास कार्यक्रमांची तयारी त्या वेळी चालू होती. बातमी इतक्या वेगाने पसरली आणि एकाच वेळी इतक्या लोकांनी तिचा शोध घेतला की, गूगलच्या यंत्रणेला आपल्यावर हल्ला होत असल्याचा भास झाला. ७ जुलै रोजी त्याच शहरातील स्टेपल्स सेंटर या क्रीडागृहात श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. साडेसतरा हजार प्रवेशपत्रिकांसाठी सोळा लाखांवर नोंदणी झाली होती.

या शोकाच्या पुराबरोबरच एक विरोधी प्रवाहही वाहत होता. मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात काही क्षण स्तब्धता पाळण्यात आली. परंतु पुढे त्याच्या गौरवाचा ठराव मांडण्याचा मनोदय टेक्सासच्या सदस्या शीला जॅक्सन ली यांनी व्यक्त केला, तेव्हा सभापती नॅन्सी पेलोसी यांनी त्यास वाट करून दिली नाही. ठराव आला की चर्चा होईल, चर्चा झाली की विरुद्ध मते व्यक्त होतील, आणि ती मते व्यक्त करण्याची ही वेळ नव्हे, असे त्यांच्या म्हणण्याचे तात्पर्य होते. न्यूयॉर्कचे सदस्य पीटर किंग यांनी मात्र ही वेळ पाहिली नाही. त्यांनी एका चित्रफितीतून जॅक्सनची अत्यंत कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली आणि सैनिक, पोलीस, शिक्षक यांच्या वाट्याला असा गौरव कधी येतो काय, असा सवाल केला.

एकाच मृत्यूविषयी एवढी टोकाची भिन्नता का निर्माण व्हावी? काहींनी तिचे खापर वृत्तमाध्यमांच्या अतिरेकावर फोडले, काहींनी समाजाच्या दांभिकतेवर. ही दोन्ही कारणे अगदीच निराधार नाहीत. परंतु त्यांच्या पलीकडे एक अधिक मूलभूत प्रश्न आहे. मृताविषयी वाईट बोलू नये हा संकेत कोणासाठी निर्माण झाला, आणि तो पाळण्याची किंमत कोण देतो, हा तो प्रश्न होय.

२

प्रथम वादाचे स्वरूप ध्यानात घ्यावयास हवे. जॅक्सनचा जन्म २९ ऑगस्ट १९५८ रोजी इंडियाना राज्यातील गॅरी या पोलाद-कारखान्यांच्या गावी, एका कृष्णवर्णीय कामगार कुटुंबात झाला. भावंडांच्या गायकवृंदात तो बालवयातच प्रमुख गायक झाला. मोटाउन या ध्वनिमुद्रण संस्थेने त्यांना देशभर नेले. नोव्हेंबर १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘थ्रिलर’ या गीतसंग्रहाने विक्रीचे पूर्वीचे सारे मानदंड मागे टाकले आणि १९८४ साली त्याला एकाच रात्री आठ ग्रॅमी पारितोषिके मिळाली. ‘एमटीव्ही’ ही संगीतवाहिनी आरंभीच्या काळात कृष्णवर्णीय कलावंतांच्या चित्रफिती क्वचितच दाखवी. १९८३ साली जॅक्सनच्या चित्रफितींनी तो अडसर दूर केला. कृष्णवर्णीय समाजाच्या स्मृतीत जॅक्सन हा केवळ गायक नाही, दरवाजा उघडणारा माणूस आहे.

दुसरी बाजू १९९३ साली उघड झाली. एका अल्पवयीन मुलाच्या लैंगिक शोषणाचा आरोप त्याच्यावर झाला. जॅक्सनने तो नाकारला. जानेवारी १९९४ मध्ये दिवाणी दाव्यात मोठ्या रकमेची तडजोड झाली. तीत दोषाची कबुली नव्हती आणि गोपनीयतेची अट होती. फौजदारी खटला उभा राहिला नाही. २००३ साली दूरचित्रवाणीवरील एका अनुबोधपटात मुलांना आपल्या शय्येवर झोपू देण्यात काही गैर नाही असे तो म्हणाला. त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या एका मुलाच्या संदर्भात त्याला अटक झाली. कॅलिफोर्नियातील सँटा मरिया येथे खटला चालला आणि १३ जून २००५ रोजी ज्यूरीने त्याला सर्व आरोपांतून निर्दोष ठरविले.

याखेरीज त्याच्या बदलत गेलेल्या वर्णाचा विषय होता. गोरे होण्याच्या हव्यासाने त्याने त्वचा रंगविली, अशी टवाळी वर्षानुवर्षे चालली. आपणास कोड आहे, हे त्याने १९९३ साली एका मुलाखतीत सांगितले, तेव्हा अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. मृत्यूनंतरच्या शवविच्छेदनाने तो विकार खरा असल्याचे स्पष्ट केले. लोकनिंदेचे एक प्रमुख कलम मृत्यूनंतर अशा रीतीने खोटे ठरले. याचा अर्थ इतर कलमेही आपोआप खोटी ठरतात असा होत नाही. पण लोकमत हे भरवशाचे न्यायालय नव्हे, एवढे त्यावरून दिसून येते.

मृत्यूचे कारणही निर्विवाद नव्हते. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्यासाठी वापरले जाणारे प्रोपोफोल हे औषध त्याला निद्रानाशावर घरी दिले जात होते. ते देणारे डॉक्टर कॉनराड मरे यांना नोव्हेंबर २०११ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविण्यात येऊन चार वर्षांची शिक्षा झाली. आरोपी म्हणून ज्याची चर्चा चालू होती, तोच मृत्यूच्या संदर्भात अन्यायग्रस्त ठरला. शोक करणाऱ्यांचा क्षोभ यामुळे वाढला.

३

जॅक्सनच्या वादग्रस्ततेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत पोहोचतो. १ नोव्हेंबर १९९६ रोजी मुंबईत अंधेरी क्रीडा संकुलात त्याचा कार्यक्रम झाला. बेकार तरुणांना रोजगार मिळवून देण्याच्या उद्देशाने स्थापन झालेल्या शिव उद्योग सेनेच्या साहाय्यार्थ तो योजलेला होता आणि त्यामागे राज ठाकरे यांचा पुढाकार होता. विमानतळावर अभिनेत्री सोनाली बेंद्रे यांनी मराठमोळ्या वेशात त्याला ओवाळले. बाळासाहेब ठाकरे यांच्या ‘मातोश्री’ या निवासस्थानीही तो गेला. पाश्चात्त्य संस्कृतीच्या आक्रमणाविरुद्ध बोलणाऱ्या पक्षाने पाश्चात्त्य गायकाला पायघड्या घालाव्यात, यावर बरीच टीका झाली. तत्कालीन युती शासनाने कार्यक्रमास करमणूक करातून सूट दिली, तेव्हा मुंबई ग्राहक पंचायतीने उच्च न्यायालयात धाव घेतली. तीन कोटींहून अधिक रुपयांची रक्कम त्यामुळे अडकून राहिली. २०११ साली न्यायालयाने सूट देणारा निर्णय रद्द करून शासनास फेरविचार करण्यास सांगितले, आणि जानेवारी २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती सूट पुन्हा मंजूर केली. गायकाच्या मृत्यूनंतर साडेअकरा वर्षे उलटली, तरी मुंबईतील त्याच्या एका रात्रीचा हिशेब पुरता मिटलेला नव्हता.

येथे लक्षात घेण्याजोगे हे की, मुंबईतील वाद प्रामुख्याने कर आणि संस्कृती यांविषयी होता. आरोप करणारे मूल त्या वादाच्या केंद्रस्थानी नव्हते. १९९१ नंतर उपग्रहवाहिन्यांच्या आगमनाबरोबर ज्या पिढीला बाहेरचे जग दिसू लागले, तिच्यासाठी जॅक्सन हा एका खिडकीसारखा होता. म्हणून २००९ साली त्या पिढीतील मराठी माणूस हळहळला, तो आपल्या तारुण्याच्या एका कालखंडासाठी. दूरच्या कलावंताविषयीच्या शोकाचे हेच सामान्य लक्षण आहे. ज्या व्यक्तीला आपण कधी भेटलो नाही तिच्यासाठी शोक करताना माणूस बहुधा आपल्याच आयुष्यातील एखादा भाग गमावल्याचा शोक करीत असतो.

असे पाहिले म्हणजे प्रतिक्रियांतील विसंगतीचा काही भाग उलगडतो. शोक करणाऱ्याच्या दृष्टीने मेला तो त्याच्या स्मरणातील आवाज. कृष्णवर्णीय समाजाच्या दृष्टीने मेला तो त्यांच्या प्रतिष्ठेचे प्रतीक. श्रद्धांजली-सभेत धर्मोपदेशक अल शार्प्टन यांनी जॅक्सनच्या मुलांना उद्देशून सांगितले की, त्यांच्या वडिलांमध्ये विचित्र असे काहीच नव्हते, विचित्र होते ते त्यांना जे सोसावे लागले ते. तेव्हा सभागृह उठून उभे राहिले, ते याच भावनेने. टीकाकाराच्या दृष्टीने मात्र मेला तो एक आरोपी, आणि त्याच्याबरोबर सत्य कळण्याची एक शक्यताही मेली. नाव एक, शोकविषय तीन. यांतील कोणीही खोटे बोलत नव्हता.

४

मृताविषयी चांगलेच बोलावे, हा संकेत अनेक संस्कृतींत आढळतो. ग्रीक परंपरेत तो सात शहाण्यांपैकी स्पार्टाचा कायलॉन याच्या नावावर सांगितला जातो आणि लॅटिन रूपात तो युरोपभर पसरला. रोममध्ये प्रतिष्ठितांच्या अंत्ययात्रेत मृताच्या गुणांचे भाषण करण्याची प्रथा होती. पण याच प्रथेविषयी सिसेरो व लिव्ही या दोघांनीही तक्रार नोंदविली आहे. या स्तुतिपर भाषणांत न मिळालेले विजय आणि न भूषविलेली पदे शिरली व त्यामुळे रोमचा इतिहास दूषित झाला, असे त्यांचे म्हणणे. मृताला दिलेली सूट पुढे इतिहासाला फेडावी लागते, याची ही जुनी नोंद होय.

इजिप्तविषयी सिसिलीचा ग्रीक इतिहासकार डायोडोरस याने एक वेगळीच प्रथा वर्णिली आहे. तेथे अंत्यविधीपूर्वी न्यायाधीशांपुढे मृतावर आरोप करण्याची कोणासही मुभा असे. आरोप शाबीत झाला तर रूढ अंत्यसंस्कार नाकारले जात. खोटा ठरला तर आरोप करणाऱ्यास कडक शिक्षा होई. हे वर्णन ऐतिहासिकदृष्ट्या कितपत विश्वसनीय आहे, हा प्रश्न वेगळा. त्यामागील कल्पना मात्र मोलाची आहे. तीत तक्रारदाराला शोकाच्या आधी बोलण्याचा हक्क आहे आणि त्या हक्काबरोबर सत्याची जबाबदारीही आहे.

भारतीय परंपरेतील सर्वपरिचित प्रसंग वाल्मीकि-रामायणाच्या युद्धकांडात येतो. रावणवधानंतर त्याची उत्तरक्रिया करण्यास बिभीषण कचरतो. परस्त्रीला पळविणाऱ्या अधर्माचरणी माणसाचे संस्कार करू नयेत, असे त्याला वाटते. त्यावर राम त्याला समजावतो की, वैर मरणापाशी संपते. मराठी शोकसभांत या प्रसंगाचा दाखला वारंवार दिला जातो. परंतु दाखला देताना एक गोष्ट सहसा नजरेआड होते. वैर संपल्याचे जो जाहीर करतो, त्याचेच ते वैर होते. रामाची पत्नी पळविली गेली होती. म्हणून त्याच्या तोंडी ती क्षमा शोभते. आणि तरीही, जिच्यावर प्रत्यक्ष अन्याय झाला ती सीता त्या क्षणी अशोकवनात आहे. तिला कोणी विचारलेले नाही.

आधुनिक मराठीतही या प्रकारचे एक थोर उदाहरण आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्रे यांनी ‘मराठा’ या दैनिकातून पंडित नेहरूंवर प्रखर टीका केली. २७ मे १९६४ रोजी नेहरू गेले, तेव्हा त्याच अत्र्यांनी त्यांच्यावर ‘सूर्यास्त’ ही लेखमाला लिहिली. मराठी मृत्युलेखाच्या इतिहासात तिचे स्थान वेगळे आहे. तिचे सामर्थ्य केवळ शैलीत नाही. ज्या लेखणीने वार केले, तीच लेखणी खाली ठेवली गेली, यात ते आहे. शिवाय हे दोघेही सार्वजनिक जीवनातील समर्थ पुरुष होते. एकाने मौन पाळल्याने दुसऱ्यावर अन्याय होण्याचा प्रश्न नव्हता.

या उदाहरणांतून एक तत्त्व निष्पन्न होते. मरणाने वैर संपते हे खरे; पण ते संपविण्याचा अधिकार ज्याचे वैर त्याला असतो. त्रयस्थाने दुसऱ्याच्या वतीने क्षमा जाहीर केली, तर ती क्षमा राहत नाही. तो मौनाचा आदेश होतो.

५

हे तत्त्व जॅक्सनच्या प्रकरणास लावून पाहिले असता २००९च्या वादाचे खरे स्वरूप स्पष्ट होते. मौन पाळा, असे जे म्हणत होते ते चाहते, सहकलावंत आणि आप्त होते. आप्तांना तसे म्हणण्याचा नैसर्गिक अधिकार आहे. अकरा वर्षांची मुलगी शोकसभेत पित्याविषयी बोलत असता आरोपांची उजळणी करणे हे कोणत्याही सभ्य समाजाला रुचणार नाही. परंतु ज्यांच्या तक्रारी होत्या त्यांच्या वाट्याला एकामागून एक तीन प्रकारची मौने आली होती. पहिले तडजोडीतील अटीचे, दुसरे ज्यूरीच्या निर्णयाचे आणि तिसरे मृत्यूविषयीच्या शिष्टाचाराचे. यांपैकी पहिले कराराने आले व दुसरे न्यायाने. तिसरे मात्र कोणाच्याही निर्णयावाचून, केवळ गर्दीच्या भावनेने आले.

चाहत्यांचा प्रतिवादही दुर्बळ नाही. न्यायालयाने निर्दोष सोडलेल्या माणसाला पुन्हा आरोपी म्हणणे, आणि तेही तो उत्तर देऊ शकत नसताना, हा अन्याय नव्हे काय? कायदाही या प्रश्नाचे एकच उत्तर देत नाही. अमेरिकेत मृताची बदनामी हा सामान्यतः दाव्याचा विषय होत नाही. भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९९ने मात्र, आणि तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ने, मृताविषयीचे आक्षेपार्ह विधानही काही अटींवर अब्रुनुकसानी मानले आहे. जिवंतपणी ज्याने अब्रू गेली असती असे ते विधान असावे आणि आप्तांच्या भावना दुखविण्याचा त्यात हेतू असावा, या त्या अटी होत. एका देशात मृताची अब्रू त्याच्याबरोबर जाते, दुसऱ्यात ती कुटुंबाकडे राहते. सत्य व सार्वजनिक हित यांसाठी मात्र भारतीय कायद्यानेही अपवाद ठेवला आहे.

दहा वर्षांनी या तणावाला नवे वळण मिळाले. २०१९ साली ‘लीव्हिंग नेव्हरलँड’ या अनुबोधपटात दोन प्रौढ पुरुषांनी, बालपणी जॅक्सनने आपले लैंगिक शोषण केल्याचे सविस्तर सांगितले. त्यांपैकी एकाने २००५च्या खटल्यात जॅक्सनच्या बाजूने साक्ष दिली होती. जॅक्सनच्या वारसांनी हे सर्व आरोप ठामपणे नाकारले आणि साक्ष फिरविणाऱ्यावर विश्वास का ठेवावा, असे विचारले. दुसऱ्या बाजूने असे सांगण्यात आले की, बालपणी ज्याच्यावर जीव लावला त्याच्याविरुद्ध बोलण्यास अनेक वर्षे लागतात. काही देशांतील नभोवाणी केंद्रांनी त्याची गाणी थांबविली. इतरत्र ती वाजत राहिली. या दोघांनी जॅक्सनच्या कंपन्यांविरुद्ध केलेले दावे पुढे चालविण्याची वाट २०२३ साली कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने मोकळी केली. त्याआधी, २०२२च्या फेब्रुवारीत, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याच्या जीवनावरील संगीतिकेचे उद्घाटन झाले होते. निषेध आणि गौरव ही दोन्ही कामे अशी शेजारी शेजारी चालू राहिली.

६

यावरून २००९च्या संमिश्र प्रतिक्रियेकडे पाहण्याची दृष्टी बदलावयास हवी. ती समाजाच्या गोंधळलेपणाची खूण म्हणून पाहिली गेली. वस्तुतः शोक आणि न्यायनिर्णय या भाषेच्या दोन स्वतंत्र कृती आहेत आणि त्या एकाच सभेत, एकाच दिवशी, एकाच तोंडून व्हाव्यात अशी अपेक्षा केल्याने गोंधळ होतो. शोकसभेतील वक्ता साक्षीदार नसतो. त्याने निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र देऊ नये. त्याचप्रमाणे टीकाकार हा न्यायाधीश नसतो. निर्दोष सुटका झालेली असताना त्याने गुन्हा सिद्ध झाल्याच्या थाटात बोलू नये. सभापती पेलोसी यांच्या निर्णयात ही जाण होती. स्तब्धता पाळण्यास त्यांच्या सभागृहात हरकत नव्हती, कारण स्तब्धता काहीच विधान करीत नाही. ठराव मात्र विधान करतो, आणि विधानाला उत्तर देण्याचा हक्क इतरांना द्यावा लागतो.

मराठीत या भेदासाठी शब्द आहेत. ‘श्रद्धांजली’ वाहिली जाते, ती श्रद्धा असेल त्याने वाहावी. ‘मृत्युलेख’ हा शब्द तुलनेने तटस्थ आहे. त्यात जीवनाचा लेखाजोखा येऊ शकतो, किंबहुना यावा. प्रत्यक्षात वृत्तपत्रांतून आणि चौकांतील फलकांतून पहिल्याने दुसऱ्याची जागा घेतली आहे. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे दोन शब्द इतके सवयीचे झाले आहेत की, ते लिहिताना श्रद्धा कोणाची आणि कशावर, हे विचारण्याचे भानही राहत नाही. लेखाजोखा मांडण्याची जागा अशी बंद झाली, की निंदा चोरवाटेने बाहेर पडते आणि कुचेष्टेचे रूप घेते. जॅक्सनविषयीच्या असंख्य क्रूर विनोदांचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे. त्या विनोदांनी मृताला इजा झाली नाही. परंतु ज्यांची तक्रार गंभीर होती त्यांचे दुःख मात्र हास्यास्पद झाले.

जॅक्सनने काय केले वा केले नाही, याचा निर्णय देणे हे वाङ्मयीन चर्चेचे काम नव्हे. फौजदारी न्यायालयाने त्याच्या हयातीत दिलेला निर्णय एकच आहे आणि तो निर्दोषत्वाचा आहे. त्या निर्णयाबाहेरची माणसे काही सांगू इच्छितात, हेही तितकेच खरे आहे. त्यांचे म्हणणे मान्य करणे हे समाजावर बंधनकारक नाही. ते ऐकण्यास जागा ठेवणे बंधनकारक आहे. त्याच्या गाण्यांवर वाढलेल्या माणसाने डोळे पुसावेत, त्यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त आपले डोळे पुसताना दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवू नये.